चौदा तारखेला, पहाटे साडेतीन

ट्रेलरमधला ड्रॅगन मी सव्वीस वेळा पाहिला.
त्याचे वरचे सुळे खालच्यांवर बसत नाहीत.
असा जबडा महिन्याभरात झिजेल,
आणि हा म्हणे हजार वर्षं हाडं फोडतोय.
इरा म्हणाली, बाबा, तो आग ओकतो, चावत नाही.
बरं.
तरी मी चलनाच्या मागे काढून ठेवलंय,
त्याची दाढ कुठे घासायला हवी ते.

मल्हारगंजात, होमिओपॅथीच्या दुकानावर, पहिला मजला.
एकोणीस वर्षं मी दात करतो.
दिवसाला सहा क्राउन, लग्नसराईत नऊ.
क्राउन म्हणजे मुकुट,
हे स्कूटरच्या डिकीत ते भरताना
कधी कधी मनात येतं, मग सिग्नल सुटतो.
तर नव्या खेळात राजा व्हायची हौस नाही.
धनुर्धर नको, मांत्रिक नको.
यादीत पार खाली, जिथवर कुणी बोट नेत नाही,
तिथे एक नावाडी आहे.
तलवार नाही त्याला. कंदील आहे, दोर आहे,
आणि धुक्यातून लोकांना पलीकडे न्यायचं काम.

पलीकडे काय, ते दाखवलेलं नाही.
मी थांबवून थांबवून पाहिलं.
एक उजेड आहे. खिडकीचा असेल,
किंवा कुणी मासे भाजत असेल.

आमच्या खान नदीत कंदील घेऊन उतरलो
तर लोक महापालिकेचा माणूस समजतील.

नाव आधी राखून ठेवायचं होतं.
रात्री बारापासून बसलो.
वादळ गेलेलं. काजवा गेलेला.
अंधारवेलसुद्धा नेली होती कुणीतरी,
सांगलीकडचा असणार.
शेवटी खरं नाव टाकलं, विश्राम मुळ्ये.
तेही गेलेलं!
म्हणजे जगात आणखी एक विश्राम मुळ्ये आहे
आणि तो माझ्याआधी जागा होता.
मग चिडून लिहिलं: कवळी.
लगेच हिरवी खूण.
अख्ख्या पृथ्वीवर कुणालाच नको होती.

देवासहून मुकातीचा फोन येतो, सोयाबीनचं दुकान बंद केल्यावर.
"भिया, नेट का क्या सीन है?"
जुन्या खेळात आम्ही दोघांनी
मिठाचं वाळवंट पायी ओलांडलं होतं, चार रात्री.
तो मागे थांबला, मी पाणी आणलं.
देवास तासाभराचा रस्ता आहे.
अजून भेटलेलो नाही.
तो खेळ बंद केला त्यांनी एका मंगळवारी, दुपारी,
मी प्लास्टर कालवत होतो.
आमचं वाळवंट कुठे ठेवलं असेल
हे विचारायला कुठला नंबर नव्हता.

शुभदा काही म्हणत नाही.
फक्त कॅलेंडरवर चौदाच्या चौकोनात,
मी केलेल्या गोलाशेजारी,
तिनं लिहिलंय: गॅस.

आणि चौदालाच, सकाळी अकराला,
रेशिमवाले सरांची कवळी द्यायची आहे.
वरची पूर्ण, खालची पूर्ण.
सर आमचे पीटीचे. शिट्टी वाजवली
की सगळं मैदान गप्प व्हायचं.
आता रोज जिना चढून येतात, कठड्याला धरून,
म्हणतात, सहज आलो.
आर्टिक्युलेटरवर मेणातले दात उघडमीट करून बघतात.
सराफ्यात गराडू आलेत म्हणे.
गेला हिवाळा सगळा त्यांनी
फक्त वास घेऊन काढला.

"चौदा नक्की?"
"नक्की, सर."
"तुझे डोळे लाल का?"

काय सांगणार. त्र्याण्णव जीबी आहे,
एकसष्ट टक्के उतरलंय,
काल रात्री लाइट गेली तेव्हा
मी अंधारात बसून इन्व्हर्टरला हात जोडले.
साडेतीनला दार उघडेल.
सातला कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत येईल
तोवर मी पाण्यावर असेन,
आणि अकराला इथे, हात धुऊन.

सरांनी विचारलं, नवं कसं वाटेल?
सुरुवातीला परकं, मी म्हटलं.
बोलताना शिट्टी वाजेल.
कुठेतरी टोचेल, मग या, घासून देतो.
पहिला आठवडा जपून घ्या, मऊ खा,
एकदम गराडूवर जाऊ नका.

सर मेणातल्या दातांकडे बघत म्हणाले,
हट्.